प्लीहेत रोज काय घडतं

नडगीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल-जांभळे ठिपके उठलेत. बोटानं दाबून बघा. साधं पुरळ दाबल्यावर फिकं होतं. हे ठिपके दाबूनही फिके होत नाहीत, कारण ते त्वचेखाली झिरपलेलं रक्त आहे. रिपोर्टमध्ये लाल पेशी ठीक, पांढऱ्या पेशी ठीक, प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणारे कण, मात्र 12 हजार. एरवी एका मायक्रोलिटर रक्तात त्या दीड ते साडेचार लाख असतात.

आजाराचं नाव इम्यून थ्रॉम्बोसायटोपेनिया, सगळे आयटीपी म्हणतात. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्सवर उलटते.

प्लेटलेट्स जातात कुठे? 1950 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरनं आयटीपीच्या रुग्णाचं सुमारे अर्धा लिटर रक्त स्वतःच्या शिरेत घेतलं. काही तासांतच त्याच्या प्लेटलेट्स तळाला गेल्या, फिटही आली. पाचेक दिवसांनी आकडा पूर्ववत झाला. जीव धोक्यात घालून त्यानं दाखवून दिलं की प्लेटलेट्सचा नाश करणारं काहीतरी रुग्णाच्या रक्तातच असतं. पुढे कळलं, ती अँटिबॉडी आहे.

पण अँटिबॉडी स्वतः प्लेटलेट फोडत नाही, फक्त खूण करते. खरं काम होतं प्लीहेत, डाव्या बरगड्यांच्या आड.

इथल्या अरुंद वाटांमधून रक्त संथपणे सरकतं. वाटेवर मॅक्रोफेज बसलेल्या असतात, म्हणजे भक्षक पेशी. जेमतेम दोन-तीन मायक्रोमीटरची प्लेटलेट जवळून जाते. तिला चिकटलेल्या अँटिबॉडीची शेपटी मॅक्रोफेजच्या हाताला लागते, आणि क्षणात प्लेटलेट गिळली जाते. आठ-दहा दिवस जगायची ती काही तासांतच संपते.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. मॅक्रोफेज गिळलेल्या प्लेटलेटचे तुकडे करते आणि ते आपल्या पृष्ठभागावर मांडते. मदतनीस टी पेशी ते पाहून चेकाळते, बी पेशीला चिथावते (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार), बी पेशीपासून प्लाझ्मा पेशी तयार होतात आणि नव्या अँटिबॉडी रक्तात सोडतात. आणखी खुणा, आणखी भक्षण, आणखी तुकडे. हे सगळं आवरायला नियामक टी पेशी असतात, पण आयटीपीत नेमक्या त्याच कमी किंवा दुबळ्या पडलेल्या आढळतात. काही रुग्णांत तर मारक टी पेशी अँटिबॉडीची वाट न बघता थेट प्लेटलेटवर चाल करतात.

अस्थिमज्जाही सुटत नाही. प्लेटलेट्स घडवणाऱ्या मेगाकॅरिओसाइट पेशींवर प्लेटलेटवरचीच प्रथिनं असल्यानं अँटिबॉडी त्यांनाही धरतात. एकीकडे नाश, दुसरीकडे उत्पादनात खोट.

उपचार याच साखळीच्या वेगवेगळ्या कड्यांवर घाव घालतात. स्टेरॉइड्स सगळ्यांनाच शांत करतात. शिरेतून दिलेलं इम्युनोग्लोब्युलिन मॅक्रोफेजला काही काळ अडकवून ठेवतं. रोमिप्लोस्टिम, एल्ट्रोम्बोपॅग ही औषधं प्लेटलेट्स बनवायला मज्जेला जोर देतात. म्हणूनच एकाला लागू पडलेलं औषध दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही, आणि यात रुग्णाची काहीही चूक नसते.

रिटुक्सिमॅबचं उदाहरण घ्या. हे औषध बी पेशींवरचं सीडी-20 हे प्रथिन ओळखून त्यांना संपवतं. रक्तातल्या बी पेशी जवळपास नाहीशा होतात, तरी काहींच्या प्लेटलेट्स वाढतच नाहीत. अशा रुग्णांची काढलेली प्लीहा तपासली, तेव्हा आत दीर्घकाळ जगणाऱ्या प्लाझ्मा पेशी सापडल्या. त्यांच्यावर सीडी-20 नसतं. औषध शेजारून निघून गेलं होतं, आणि त्या अजून अँटिबॉडी बनवत होत्या.