वीज आली की

(दृश्य: कौलांच्या पागोळ्या, मागे पोफळी)

फोंड्याजवळचं हे घर, भर जुलैतलं. मागे कुळागर: पोफळी, त्यांवर चढलेले मिरीचे वेल, जायफळ. हे कुळागर पाहायला येणाऱ्यांची नोंदणी करणारा प्रोग्राम घरातली मुलगी लिहिते आहे.

(दृश्य: मॉनिटर)

एकाच टर्मिनलचे, म्हणजे आदेश टाइप करून संगणक चालवायच्या चौकटीचे, तीन कप्पे. डावीकडे मोठ्या कप्प्यात कोड, उजवीकडे वर सर्व्हर, खाली सरकत राहणारा लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी. हे कप्पे पाडतो टीमक्स. निकोलस मॅरियट यांनी २००७ साली आणलेला हा मुक्त प्रोग्राम. कंट्रोल-बी, मग डी दाबलं की टर्मिनल मोकळं होतं आणि आतलं काम मागे चालूच राहतं.

(दृश्य: काळोख, मोबाईलचा टॉर्च)

वीज गेली. इन्व्हर्टर आहे तो दिवे-पंख्यांपुरता. डेस्कटॉप बंद पडला, त्याच्याबरोबर टीमक्सही. आता कप्पे पुन्हा पाडायचे, प्रत्येकात आदेश पुन्हा टाइप करायचा. पावसाळ्यात हे किती वेळा?

(दृश्य: फाईल, अगदी जवळून)

त्यावरचा उपाय ही फाईल. याम्ल पद्धतीचा साधा मजकूर, कुठल्याही एडिटरमध्ये उघडणारा, कुणालाही वाचता येणारा. पहिल्या ओळीत सेशनचं, म्हणजे टीमक्समधल्या या सगळ्या मांडणीचं, नाव: कुळागर. दुसरीत कामाचं फोल्डर. मग खिडकी, तिची मांडणी ‘मेन-व्हर्टिकल’, म्हणजे मोठा कप्पा डावीकडे आणि बाकीचे उजवीकडे एकाखाली एक. शेवटी कप्प्यांची यादी. प्रत्येक ओळीला आधी आडवी रेघ, पुढे त्या कप्प्यात चालवायचा आदेश.

तिचा अंगठा स्पेसबारवर आहे, पाहा. याम्लमध्ये ओळ आत सरकवायची ती स्पेसनंच. काल इथे एक टॅब पडली आणि टीमक्सपीनं अख्खी फाईल नाकारली.

टीमक्सपी हा ही फाईल वाचून सेशन उभं करणारा प्रोग्राम. तो पायथन भाषेतला, तिच्या ‘पिप’ या साधनानं बसतो. रुबी भाषा वापरणाऱ्यांसाठी याच कामाचा टीमक्सिनेटर आहे. कोऱ्या फाईलीची धास्ती वाटत असेल, तर कप्पे एकदा हातानं मांडा आणि ‘टीमक्सपी फ्रीज’ म्हणा. समोरची मांडणी तो स्वतःच फाईलीत उतरवतो. नवख्यानं इथूनच सुरुवात करावी, असं मी आग्रहानं सांगेन. स्वतःची मांडणी लिहिलेली दिसली की याम्ल आपोआप वाचता येऊ लागतं.

फाईल गिटमध्ये, म्हणजे कोड जपून इतरांशी वाटून घ्यायच्या साधनात आहे, त्यामुळे मडगावच्या तिच्या जोडीदारिणीकडेही हीच मांडणी उघडते.

(दृश्य: पंखा फिरू लागतो)

वीज आली. ‘टीमक्सपी लोड कुळागर’, एंटर. तिन्ही कप्पे जागच्या जागी. साठवायचा राहिलेला कोड मात्र ही फाईल परत आणत नाही; मुलीनं तो दिवा लुकलुकताच साठवला होता. सर्व्हर उठला. लॉगमध्ये पहिली ओळ उमटली.