पावणेपंधराशे परार्धांची संख्या

(पडद्यावर: १४७५७३९५२५८९६७६४१२९२७)

एकं, दहं, शतं म्हणत परार्धापर्यंत पोचलात, तरी ही संख्या संपत नाही. एकवीस अंक आहेत. परार्धात मोजली तर पावणेपंधराशे परार्ध, वर थोडी चिल्लर. पण ओळख अगदी सुटसुटीत: दोनचा ६७ वा घात, वजा एक.

१६४४ मध्ये मारँ मर्सेन या फ्रेंच साधूने एक यादी छापली. दोनच्या कोणकोणत्या घातातून एक वजा केला की मूळ संख्या (एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी) मिळते, याची. २५७ व्या घातापर्यंत. त्यात ६७ होता. एवढाल्या संख्या मर्सेनने तपासल्या असणं शक्यच नाही. तरीही पुढची सव्वादोनशे वर्षं यादीतल्या ६७ ला कोणी धक्का लावला नाही.

१८७६ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी सिद्ध केलं की ही संख्या मूळ नाही. मग तिला भाग कशाने जातो? ते ल्यूकांनाही माहीत नव्हतं! त्यांच्या कसोटीत अवयव शोधावेच लागत नाहीत. आज ती अशी मांडतात: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. असं ६५ वेळा. शेवटी शून्य उरलं तरच संख्या मूळ. इथे शून्य उरत नाही. म्हणजे चोरी झाल्याचं सिद्ध, चोर मात्र मोकळा.

तो पकडला फ्रँक नेल्सन कोल यांनी. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक. या संख्येचा कोणताही मूळ अवयव १३४ च्या पटीत एक मिळवूनच येतो, आणि त्याला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ उरते. चाळणी बारीक आहे, पण पहिल्या अवयवाच्या अलीकडे तिच्यातून सात लाखांवर उमेदवार सुटतात. हाताने एकेक भागत बसलं तर जन्म पुरायचा नाही. कोलनी वर्गशेषांचा, म्हणजे वर्गसंख्यांना भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा, आधार घेऊन ही गर्दी हटवली.

ऑक्टोबर १९०३, न्यूयॉर्क. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. कोल उठले, फळ्यावर दोनचा ६७ वा घात काढला, एक वजा केला. मग शेजारी एक गुणाकार मांडला.

(पडद्यावर: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७)

उत्तर तेच आलं. कोल अवाक्षर न बोलता जागेवर जाऊन बसले आणि टाळ्या पडल्या, असं गणिताच्या गोष्टी लिहिणारे गणिती एरिक टेंपल बेल सांगतात. किती दिवस लागले, या प्रश्नावर कोल म्हणे ‘तीन वर्षांचे रविवार’ म्हणाले होते. बेल गोष्ट रंगवून सांगणारे, तेव्हा तपशील जरा जपूनच घ्यावा. गुणाकार मात्र खरा आहे.

ताळा करून बघा. अंकांची बेरीज एकच अंक उरेपर्यंत करत जायची. पहिल्या अवयवाची ३७, म्हणजे १०, म्हणजे १. दुसऱ्याची ६४, तोही १. आणि एकवीस अंकी संख्येची? १०९, पुन्हा १. ताळा जुळला! अर्थात एवढ्याने गुणाकार सिद्ध होत नाही. त्यासाठी कोलसारखा खडू झिजवायला हवा.

मर्सेनच्या यादीचा पुरता निकाल लागायला १९४७ उजाडलं. ६७ आणि २५७ चुकून आलेले. ६१, ८९ आणि १०७ राहून गेलेले. ६१ च्या जागी ६७ छापलं गेलं असावं, असाही एक अंदाज आहे.