दवबिंदू घरात वाढवताना

मित्रहो, कीटकभक्षी वनस्पतींचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो तो त्यांना खायला काय घालायचे, हा; माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. दवबिंदू, म्हणजे पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक पकडणारी ड्रॉसेरा, इतर हिरव्या झाडांप्रमाणे आपले अन्न प्रकाशातच तयार करते. कीटकांपासून तिला हवे असते ते नत्र आणि स्फुरद, कारण ती जिथे वाढते त्या ओलसर, बहुधा आम्लधर्मी जमिनीत ही द्रव्ये फारच थोडी असतात. चार्ल्स डार्विनने या वनस्पतीवर अनेक वर्षे प्रयोग करून १८७५ मध्ये ग्रंथ लिहिला. पुढे १८७८ मध्ये त्याचा मुलगा फ्रान्सिस याने दाखवले की खाऊ घातलेल्या रोपांना बी पुष्कळ जास्त येते. मात्र उपाशी ठेवलेली रोपेही जगली होती, आणि घरी लागवड करणाऱ्याने लक्षात ठेवावी ती हीच गोष्ट.

घरासाठी मी दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रांतातली ड्रॉसेरा कॅपेन्सिस सुचवीन. थंड प्रदेशातल्या गोल पानांच्या जातीला हिवाळ्यात सुप्तावस्था लागते, ती आपल्या हवेत मिळणे कठीण. कॅपेन्सिसला तिची गरज नसते.

खरी कसोटी पाण्याची आहे. नळाच्या, त्यातही बोअरच्या पाण्यातले क्षार कुंडीत साचत जातात आणि मुळे हळूहळू निकामी करतात, म्हणून पावसाचे, आरओचे किंवा डिस्टिल्ड पाणीच वापरावे. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे यंत्र, ५० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ५० भाग) आत दाखवत असेल तर निश्चिंत राहावे. पाणी वरून न घालता कुंडीखालच्या ताटलीत एक-दोन सेंटिमीटर ठेवावे. माध्यम म्हणून पीट मॉस (दलदलीतले अर्धवट कुजलेले शेवाळ) आणि परलाइट (भाजून फुगवलेले हलके खनिज) समप्रमाणात घ्यावे. शेणखत, गांडूळखत किंवा बागेतली माती यांतले काहीही चालत नाही, आणि हे आपल्याकडच्या बागप्रेमींना पटवणे अवघड जाते, कारण खत घालणे हीच आपली माया. कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, मीठ असू शकते, म्हणून ते वारंवार धुतल्याशिवाय वापरू नये. मातीच्या कुंडीतूनही क्षार झिरपतात, तेव्हा प्लास्टिकची कुंडी बरी.

पानांवरचा चिकट द्रव आटला की लोक घाईने हवेतला दमटपणा वाढवतात. पण घरात बहुतेक वेळा उणीव असते ती प्रकाशाची. पूर्वेची खिडकी, नाहीतर रोज बारा ते सोळा तास पांढरा एलईडी दिवा, एवढ्याने पानांवरच्या लाल केसांच्या टोकांवर थेंब पुन्हा दिसू लागतात. नुकतेच कुंडी बदललेले रोप मात्र काही दिवस कोरडेच राहते.

खाद्याचे म्हणाल, तर एखादे चिलट किंवा भिजवलेल्या सुक्या ब्लडवर्मचा (माशांना घालतात त्या लाल अळ्यांचा) कण पुरे; मांसाचा तुकडा पानावरच कुजतो.

कासच्या पठारावर दवबिंदूच्या जाती पावसाळ्यात दिसतात, पण तिथून रोप उपटून आणू नये: ते पठार संरक्षित आहे, आणि इंडिका किंवा बर्मानी या आपल्याकडच्या जाती बहुधा वर्षायू असल्याने उपटलेले रोप फार काळ टिकतही नाही. त्यापेक्षा कॅपेन्सिसचे एक निरोगी पान डिस्टिल्ड पाण्यात तरंगत ठेवावे. काही आठवड्यांत त्यावर इवली रोपे फुटतात. बी आले तर ते धुळीसारखे बारीक असते, तेव्हा ते ओल्या पीटवर नुसते भुरभुरावे, वर थर देऊ नये, कारण रुजायला त्याला उजेड लागतो.