बॅटवुमनचे दोन जन्म

मित्रहो, अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समधील समलिंगी पात्रांचा इतिहास सांगताना बहुतेकजण पहिले पात्र कोणते, पहिले चुंबन कधी आणि पहिला विवाह कुठे, अशी जंत्री मांडतात. ती उपयोगी असली, तरी तिच्यातून एक गोष्ट निसटते. जे सांगायला मनाई होती, ते वाचकांना आधीपासून दिसतच होते आणि ते कुठे शोधायचे हे त्यांना बऱ्याच अंशी मनाई करणाऱ्यांनीच शिकवले.

१९५४ साली न्यूयॉर्कमधील मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांनी कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे सांगणारे पुस्तक लिहिले. वर्थम हे काही सरधोपट प्रतिगामी नव्हते. हार्लेममधील कृष्णवर्णीय रुग्णांसाठी त्यांनी अल्पदरात दवाखाना चालवला होता, आणि शाळांतील वर्णभेदाविरुद्धच्या खटल्यांत त्यांचे संशोधन उपयोगी पडले होते. याच माणसाने बॅटमन आणि रॉबिन यांच्या घराचे वर्णन, एकत्र राहणाऱ्या दोन समलिंगी पुरुषांचे स्वप्नरंजन, असे केले. पुरावा म्हणून त्यांनी काय दाखवले, तर आलिशान दालने, मोठ्या फुलदाण्यांतली सुंदर फुले, दिमतीला आल्फ्रेड नावाचा बटलर आणि कधीमधी ड्रेसिंग गाऊनमध्ये दिसणारा ब्रूस वेन, म्हणजे मुखवट्यामागचा बॅटमन. फुलदाणीत फुले ठेवणे हा पुरुषाच्या बाबतीत संशयाचा मुद्दा ठरावा, यातून त्या काळाविषयी बरेच कळते.

मात्र वर्थम यांचा सगळा आधार फुलदाण्यांवर नव्हता. त्यांच्याकडे आलेल्या समलिंगी तरुणांनी स्वतःच सांगितले होते की, रॉबिनच्या जागी आपण आहोत अशी कल्पना ते करीत. म्हणजे क्विअर वाचनाची, कथेत समलिंगी नाते शोधणाऱ्या वाचनाची, ही एक आरंभीची नोंद आपल्याला मिळते ती त्या वाचनाला रोग मानणाऱ्याच्या हातून. पुढे वर्थम यांची कागदपत्रे २०१० मध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली आणि कॅरोल टिली यांनी ती तपासली, तेव्हा दिसले की दोन तरुणांचे बोलणे एकाच रुग्णाच्या तोंडी घातले गेले होते, आणि आपल्याला टारझन व सबमरिनर हे नायक अधिक भावतात हे त्यांचे म्हणणे गाळले गेले होते. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. त्या तरुणांची आवड त्यांची स्वतःची होती. बॅटमनला मध्यभागी आणून बसवले ते डॉक्टरांनी.

त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी काय छापू नये हे ठरवणारी नियमावली, कॉमिक्स कोड, स्वतःच लागू करून घेतली. लैंगिक विकृतीचे चित्रण तर नाहीच, पण तिचा नुसता आभासही नको, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. १९५६ मध्ये बॅटमनच्या कथांत कॅथी केन ही बॅटवुमन अवतरली. ती श्रीमंत, धाडसी, सर्कशीत कसरती केलेली होती आणि बॅटमनवर तिचा जीव जडला होता. तिची शस्त्रे पर्समध्ये असत: पावडरच्या पफने गुंडांना शिंका आणायच्या, हातातल्या कड्यांच्या बेड्या करायच्या. वर्थम यांच्या आरोपाला दिलेले हे उत्तर होते, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि त्या कथा वाचल्यावर मलाही तसेच वाटते. संशय निवारण्यासाठी पात्राला इतके बायकी करावे लागले की, काय झाकायचे आहे हेच उघडे पडले. १९६४ मध्ये संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी आल्फ्रेडला मारून घरात हॅरिएट आत्याबाईंना आणले. तीन पुरुष एका घरात राहतात ही कुजबुज थांबवावी, हा त्यामागचा हेतू त्यांनी पुढे सांगितलाही. आल्फ्रेड अर्थातच लवकर परतला.

बॅटमन डीसी या प्रकाशनसंस्थेचा; तिच्या प्रतिस्पर्धी मार्व्हलकडची गोष्ट निराळी आहे. तिथे लेखकच जाणूनबुजून सूचना पेरत होते. लेखक-चित्रकार जॉन बर्न यांनी नॉर्थस्टार हा नायक समलिंगी आहे असे मनाशी धरून रंगवला, पण ते शब्दांत यायला १९९२ उजाडले. ज्या अंकात तो ते बोलतो, त्यात एड्सग्रस्त तान्ही मुलगी, एड्सने मुलगा गमावलेला एक म्हातारा सुपरहिरो आणि भर मारामारीत केलेले निवेदन असे सगळे एकदम कोंबलेले आहे. कलाकृती म्हणून तो अंक फसलेला आहे. दोन वर्षांनी त्याच नायकाच्या नावाने स्वतंत्र मालिका निघाली, तेव्हा तीत या गोष्टीचा उल्लेखही नव्हता.

याउलट मार्व्हलच्याच एक्स-मेन मालिकेचे लेखक ख्रिस क्लेअरमॉंट यांच्या मिस्टिक आणि डेस्टिनी पाहा. दोन स्त्रिया एकत्र राहतात, रोग (Rogue) नावाच्या मुलीला लहानाची मोठी करतात आणि एकीच्या मृत्यूने दुसरी कोलमडते. प्रेयसी हा शब्द न उच्चारता हे सारे वर्षानुवर्षे छापले गेले. रूप बदलू शकणारी मिस्टिक ही नाइटक्रॉलर या एक्स-मेनमधल्या नायकाचा बाप आणि डेस्टिनी त्याची आई, अशी क्लेअरमॉंट यांची मूळ कल्पना होती. ती त्या वेळी छापता आली नाही, ती २०२३ मध्ये अधिकृत झाली. नॉर्थस्टारच्या उघड कबुलीपेक्षा या दोघींचे न बोललेले सहजीवन मला अधिक खरे वाटते. पण म्हणून मनाईचे आभार मानण्याचे कारण नाही, कारण ज्या वाचकाला ती सूचना कळली नाही, त्याच्या वाट्याला काहीच आले नाही.

बॅटवुमनचा दुसरा जन्म २००६ चा. आता ती केट केन आहे, ज्यू आहे आणि समलिंगी आहे. २००९ मध्ये ग्रेग रुका आणि जे. एच. विल्यम्स यांनी रंगवलेल्या कथेत लष्करी अकादमीतला वरिष्ठ तिला समलिंगी असल्याचा आरोप नाकारण्याची संधी देतो. खोटे बोलणार नाही ही शपथ तिनेही घेतलेली असते. ती बोटातली अंगठी काढून देते आणि अकादमी सोडते. त्या काळी अमेरिकी सैन्यात उघडपणे समलिंगी असणाऱ्यांना काढून टाकणारा कायदा खरोखर लागू होता, त्यामुळे या प्रसंगाला रूपकाची गरज पडत नाही. २०१३ मध्ये मात्र तिच्या विवाहाला प्रकाशकांनी नकार दिला आणि विल्यम्स व त्यांचे सहलेखक मालिका सोडून गेले. नायकांना सुखी संसार नसावा, विरोध समलिंगी विवाहाला नाही, असा खुलासा आला. तो प्रामाणिक असेलही; पण मार्व्हलने आदल्याच वर्षी नॉर्थस्टारचे लग्न लावले होते.

उघड चित्रणाला एक धोका असतो, तो सूचनेला नसतो: ते जप्त करता येते. सप्टेंबर २०१९ मध्ये रिओ दि जानेरोच्या पुस्तक मेळ्यात महापौर मार्सेलो क्रिवेला यांनी विकन आणि हल्कलिंग या दोन तरुण नायकांचे चुंबन असलेले कॉमिक्स काढून टाकण्याचा आदेश दिला. मेळ्यातल्या प्रती पाहता पाहता संपल्या, फोल्या दि साओ पावलो या दैनिकाने ते चित्र पहिल्या पानावर छापले आणि सर्वोच्च न्यायालयाने जप्ती रोखली. ज्यांनी सुपरहिरोंची कॉमिक्स कधी हातातही धरली नव्हती, अशा ब्राझीलमधल्या कितीतरी लोकांनी ते चुंबन त्या दिवशी पाहिले.