गणपती झाले की बघू

नमस्कार, श्रोतेहो. मी ठाण्यात, नौपाड्यात फिजिओथेरपी करते. गुडघे बदललेली माणसं माझ्याकडे रोजचीच.

पुरुष बहुधा ठाणे स्टेशनचा पूल चढवेना म्हणून डॉक्टर गाठतो आणि दोन-चार महिन्यांत ऑपरेशन उरकतो. बाई येते तेव्हा तिचा पाय धनुकलीसारखा वाकलेला असतो. एका काकूंना विचारलं, "इतकी वर्षं काय केलंत?" म्हणाल्या, "आधी धाकटीचं लग्न, मग सुनेचं बाळंतपण, मग म्हटलं गणपती झाले की बघू." तिसरा मजला, लिफ्ट नाही. भाजीच्या पिशवीला दोरी बांधून वर ओढायच्या. वर म्हणाल्या, "हल्ली फारसं दुखत नाही हो." चालणंच बंद, मग दुखणार काय?

"बायकांना हे ऑपरेशन मानवत नाही" असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं. खरं तर वेदना किती कमी झाली, चालणं किती सुधारलं, हे मोजलं तर स्त्री-पुरुषांत फारसा फरक नसतो. दोघंही दोन-दोन मजले चढतात, पण ती तळघरातून निघालेली असते, म्हणून पोचते खालीच. वर्षानुवर्षं गुडघा पूर्ण सरळ झालेला नसतो, मांडीचा पुढचा स्नायू सुकलेला असतो. नवा सांधा बसवला तरी तो हलवायचा याच स्नायूनं.

उलट, बसवलेला सांधा पुन्हा बदलावा लागण्याचा धोका पुरुषांनाच जास्त. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासात पन्नाशीच्या सुरुवातीला ऑपरेशन झालेल्या पुरुषांत हा आयुष्यभराचा धोका सुमारे 35 टक्के निघाला, बायकांत 20च्या आसपास. सत्तरीनंतर दोघांतही जेमतेम 5. मध्यंतरी खास बायकांसाठी वेगळ्या घडणीचा गुडघाही बाजारात आला होता. जाहिरात जोरात झाली, पण गुण नेहमीच्या गुडघ्याइतकाच.

उशिराचा सगळा दोष बायकांच्या माथी मारू नका हं. 2008 साली कॅनडातल्या अभ्यासात एक पुरुष आणि एक स्त्री, दोघांचा गुडघा सारखाच झिजलेला, असे 71 डॉक्टरांकडे गेले. त्याला ऑपरेशन सुचवलं 67 टक्क्यांनी, तिला 33 टक्क्यांनी! तेव्हा डॉक्टरांपुढे "थोडंसं दुखतं" म्हणू नका. किती पायऱ्यांवर थांबावं लागतं, रात्री किती वेळा जाग येते, कुठे जाणं सोडलंत, हे सांगा. व्यायाम, वजन, गोळ्या हे सगळं आधी करून बघायचंच. प्रत्येक कुरकुरणारा गुडघा बदलायचा नसतो. ऑपरेशन ठरलंच, तर मांडीचा व्यायाम त्याच दिवसापासून सुरू करा.

काकूंचा उजवा गुडघा झाला. परवा जिना उतरून स्वतः भाजी आणायला गेल्या, पिशवीची दोरी तेवढी अजून गॅलरीत लटकते आहे. डाव्याची तारीख त्यांनी गणपतीनंतरचीच घेतली, पण घेतली.