दोन अंगठ्यांचं भांडण

श्रोतेहो, नमस्कार.

हाडं, सांधे आणि त्यांची ऑपरेशनं यावर बोला, असा मला निरोप आला. आता माणसाच्या अंगात हाडं 206. एकेका हाडाला एक मिनिट म्हटलं तरी साडेतीन तास झाले. मला मिळालीत बारा-तेरा मिनिटं. म्हणून मी एकच सांधा घेतो, खुबा. आणि खुब्यातलीसुद्धा एकच गोष्ट घेतो. म्हातारं माणूस पडलं आणि गुडघा दुखतोय म्हणालं, तर आधी खुबा बघा. रेडिओवर मागं जाऊन पुन्हा ऐकता येत नाही, म्हणून मीच पुन्हा सांगतो. दुखतोय गुडघा, पण बघायचा खुबा.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याचे मार्कही मिळाले होते. कळलं मात्र आत्याच्या जोडव्यांमुळं.

तीस वर्षं झाली असतील. एम. एस. होऊन मला जेमतेम चार महिने झालेले. अंगात मस्ती अशी, की लग्नाच्या पंगतीत वाढपी पाय कसा टाकतो ते बघून शेजारच्याला त्याचं दुखणं सांगायचो. आत्या तेव्हा बहात्तर वर्षांची. गाव कृष्णाकाठचं. एका सकाळी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी साबणाच्या पाण्यावरून तिचा पाय गेला आणि ती डाव्या कुशीवर पडली. उठली. स्वतःची स्वतः उठली, हे ध्यानात ठेवा. कुणाला हाक मारली नाही. लुगडं बदललं, भाकरी थापल्या, मामांना म्हणजे तिच्या यजमानांना वाढलं. संध्याकाळी म्हणाली, "डावा गुडघा धरलाय."

तिच्या न्हाणीघरात शहाबादी फरशी होती, तरी ती घसरली. आणि हल्ली आपण बंगले बांधतो आणि न्हाणीघरात तोंड दिसेल अशा टाइल्स लावतो. माझ्याकडं येणारे निम्मे म्हातारे पेशंट या टाइल्सवाल्यांनीच धाडलेले असतात. मी वास्तुशांतीला गेलो की घड्याळ देत नाही, गणपती देत नाही. भिंतीला लावायचा स्टीलचा दांडा देतो, न्हाणीघरात हाताला धरायला. लोक हसतात. दोन-तीन वर्षांनी फोन येतो, आणखी एक कुठं मिळेल म्हणून. असो.

तर आत्यानं गुडघ्याला तिळाचं तेल चोळलं, निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. शेजारणीनं एरंडाचं पान सुचवलं, तेही झालं. रविवारी मी एसटीनं पोचलो. गुडघा दाबून बघितला, वाकवून बघितला, दोन्ही बाजूंना हलवून बघितला. सूज नाही, गरम नाही, वाकवला की मुकाट्यानं वाकतोय. मग दुखतोय का? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. मी तिला जीपमधून तालुक्याला नेलं, गुडघ्याचा फोटो म्हणजे एक्स-रे काढला. बहात्तर वर्षांच्या, जन्मभर शेतात राबलेल्या बाईच्या गुडघ्याच्या फोटोत काय दिसणार? झीज. मी फिल्म उजेडात धरून, मामांना बोटानं दाखवत सांगितलं, "वयाची झीज आहे. पट्टा बांधू, गोळ्या देतो, पंधरा दिवसांत बरं वाटेल." मामांची मान अभिमानानं हलली. भाचा डॉक्टर झाला होता ना!

आत्या आठ दिवस भिंत धरून चालली. मग मामांची काठी घेतली. नवव्या रात्री बाजेवरून उतरताना पाय मुरगळला, काडकन आवाज झाला आणि ती बसली ती उठलीच नाही.

शेजारच्या घरी फोन होता, त्यांनी मला कळवलं. मी पोचेतो दुपार झाली. बघतो तर माझ्याआधीच धनगरवाड्यातले एक म्हातारबा येऊन बसलेले. पंचक्रोशीतले हाडवैद्य. काखेत बांबूच्या कामट्यांची जुडी, अंगावर घोंगडं. मामांनीच बोलावलं होतं आणि मला बघून त्यांचा चेहरा चोरी सापडल्यासारखा झाला. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "यांना हात लावू देऊ नका." म्हातारबा म्हणाले, "मी कुठं हात लावलाय?"

खरंच लावला नव्हता. ते बाजेच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते आणि नुसते आत्याच्या तळव्यांकडं बघत होते. मग मला म्हणाले, "डाक्टर, जरा हिकडं या. खाली बसा. माझ्यासारखं बसा." मी बसलो. "आता बगा. ह्या दोन अंगठ्यांचं भांडण झालंय का?"

बघितलं. उजव्या पायाचा अंगठा आढ्याकडं होता. डाव्याचा भिंतीकडं. आत्याच्या पायात चांदीची जोडवी होती. उजवीकडची वर बघत होती, डावीकडची बाजूच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती. आख्खा डावा पाय, मांडीपासून तळव्यापर्यंत, बाहेर कलंडलेला. मग म्हातारबांनी कनवटीची सुतळी काढली, मामांच्या हातात तिचं एक टोक दिलं आणि कमरेच्या पुढच्या हाडावर धरायला लावलं, दुसरं टोक स्वतः घोट्यापर्यंत आणलं. गाठ मारली. मग तीच सुतळी दुसऱ्या पायाला. डावा पाय दोन बोटं आखूड भरला.

मी माझं पाकीट उघडलं, फिल्म पुढं केली. कशासाठी केली, देव जाणे. म्हातारबांनी ती दारातल्या उजेडात धरली, उलटी धरली, सुलटी धरली आणि म्हणाले, "फोटू झ्याक हाय. पर दुखनं ह्याच्या वरल्या अंगाला हाय." मग मामांकडं वळून, "गोळा सुटलाय. ह्याला माझ्या कामट्या लागायच्या न्हाईत. आजच्या आज मिरजेला न्या." कामट्या काखेत मारल्या, चहासुद्धा न घेता गेले. जाताना मला एवढंच विचारलं, "गुडघा दुकतोय म्हनल्यावर तुमी गुडघाच बगितला व्हय?"

व्हय.

मिरजेत आमच्या सरांनी ऑपरेशन केलं. मी समोर पाय धरून उभा. सरांनी मोडलेला गोळा बाहेर काढला, रक्तानं माखलेला, पांढऱ्या कूर्चेचा, लिंबाहून जरा मोठा. ट्रेमध्ये ठेवला नाही. माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "हा घे तुझ्या आत्याचा गुडघा."

थिएटरमधल्या सिस्टरसुद्धा हसल्या होत्या. असो.

आता झालं काय होतं ते सांगतो, आणि घड्याळ बघता जरा घाईनं सांगतो. खुबा म्हणजे उखळीचा सांधा. कमरेच्या हाडात वाटी आणि मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा. गोळा आणि मांडीचं हाड यांच्यामध्ये एक अरुंद मान आहे. म्हातारपणी हाड ठिसूळ झालं की साध्या पडण्यानं ही मानच मोडते. आत्याची पहिल्या दिवशीच मोडली होती. पण मोडलेली दोन टोकं एकमेकांत रुतून बसली, खुंटी ठोकावी तशी. म्हणून ती उठली, म्हणून तिनं भाकरी थापल्या. चालता येतंय म्हणजे मोडलं नाही, हा समज डोक्यातून काढा. पुन्हा सांगतो, चालता येत असलं तरी खुबा मोडलेला असू शकतो. नवव्या रात्री ती रुतलेली टोकं सुटली. सुटल्यावर स्नायूंनी पाय वर ओढला, म्हणून आखूड, आणि बाहेर फिरवला, म्हणून जोडवी कॅलेंडरकडं.

गुडघा का दुखला? कारण खुब्याकडं जाणाऱ्या नसेच्याच फांद्या खाली गुडघ्याकडंही जातात. मेंदूला कळ पोचते, पत्ता मात्र चुकीचा पोचतो. हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. शाळकरी पोर लंगडतंय, गुडघा दुखतो म्हणतंय आणि गुडघ्यात काही सापडत नाही, तर त्याचाही खुबा तपासायचा. मुलांमध्ये खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा आटतो किंवा वयात येताना, विशेषतः वजनदार मुलांमध्ये, गोळा मानेवरून घसरतो. दोन्हींची पहिली तक्रार कित्येकदा गुडघ्याचीच असते. दुखतोय गुडघा, पण बघायचा खुबा. झालं तिसऱ्यांदा.

तपासायला फार काही लागत नाही. पेशंटला उताणं झोपवायचं, पाय सरळ ठेवून पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा हलक्या हातानं आत-बाहेर फिरवायचा. जांघेत कळ आली की दोन्ही खुबे दिसतील असा फोटो. त्यात काही दिसलं नाही आणि शंका राहिलीच, तर मात्र एमआरआय. तेवढ्यासाठी एमआरआय. हल्ली लोक हात न लावता आधी एमआरआयची फाइल टेबलावर ठेवतात, आणि आम्हीही हात न लावता ती वाचतो. त्या म्हातारबांपाशी एक सुतळी होती.

या मानेच्या मोडण्यात खरी गोम रक्ताची आहे. गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या मानेवरूनच चढतात. मान मोडून सरकली की त्या तुटतात आणि गोळा आतल्या आत वाळतो. तरुण माणसात आम्ही धावपळ करून तो जागेवर बसवतो आणि स्क्रू मारतो. उतारवयात गोळा काढून त्या जागी धातूचा बसवतो. आत्याला तेव्हा तसाच बसवला. मोड मानेच्या खाली, मांडीच्या हाडाच्या रुंद भागात असेल तर रक्तपुरवठा शाबूत असतो, तिथं सळई आणि स्क्रू घालून हाड सांधतं. आणि मान मोडून नुसती रुतलेली असताना सापडली, तर छोट्या छेदातून तीन स्क्रू पुरतात. मी पहिल्या रविवारी पाय लाटण्यासारखा फिरवला असता तर आत्याचं तीन स्क्रूंवर भागलं असतं.

"वय झालंय, आता ऑपरेशन कशाला? वजन लावून झोपवू." हे वाक्य घरोघरी ऐकायला मिळतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण दया करतोय. दोन-तीन महिने उताणं पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाठीला जखमा होतात, छातीत कफ भरतो, लघवीत जंतू होतात, पायात रक्ताची गाठ होते. माणूस मोडलेल्या हाडानं जात नाही, अंथरुणानं जातो. वय झालंय म्हणूनच ऑपरेशन करायचं आणि होता होईल तो दोन दिवसांच्या आत करायचं. साखर, रक्तदाब, हृदय सगळं तपासायचंच, पण त्यात आठवडा घालवायचा नाही. मुंबईचा मुलगा निघालाय, अमेरिकेतली मुलगी तिकीट बघतेय, यासाठी थांबू नका. मुलगी आली की आईला बसलेली बघू दे. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करता येतं.

हाडवैद्यांबद्दल माझ्या गोष्टीवरून भलताच अर्थ काढू नका बरं का. त्या म्हातारबांचं मोठेपण कामट्या काखेत मारून परत जाण्यात होतं. तशाच कामट्या लहान मुलाच्या कोपराला करकचून आवळल्यामुळं रक्त तुटून हात लाकडासारखा झालेली पोरं मी बघितली आहेत. बोटं गार, निळी, फुगलेली दिसली, बोट सरळ करताना पोर किंचाळलं, तर पट्टी असो की प्लास्टर, आमचं असो की त्यांचं, तत्काळ सोडायचं. पण तुच्छतेनंही बोलू नका. आजही वॉर्डात मांडी मोडलेल्या पेशंटला पाय सरळ धरून ठेवणारी जी थॉमस स्प्लिंट लावतात, ती ज्यांच्या नावानं आहे ते ह्यू ओवेन थॉमस लिव्हरपूलचे. त्यांचं घराणं वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांचं, वडीलही हाडवैद्य, डिग्री नसलेले. त्यांनी मुलांना मात्र डॉक्टरकी शिकवली. पहिल्या महायुद्धात मांडीला गोळी लागलेले कितीतरी शिपाई त्या स्प्लिंटमुळं वाचले. तेव्हा आमच्या धंद्याचं मूळ तसं कामट्यांतच आहे.

आत्याचं सांगायचं राहिलं. ऑपरेशननंतर आम्ही तिला तीन गोष्टी बजावल्या. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, खाली पाटावर जेवायला बसायचं नाही. पहिल्या दोन तिनं कुरकुरत मान्य केल्या. तिसऱ्यावर अडली. नवरा खाली पाटावर आणि आपण खुर्चीवर ताट घेऊन बसायचं म्हणजे काय! शेवटी मामांनीच ओसरीवरची लाकडी खुर्ची चुलीपाशी आणून ठेवली. पुढं अकरा वर्षं ती जगली, रोज दोन वेळा त्या खुर्चीवर बसून जेवली आणि मामा खाली तिच्या पायाशी. मी गेलो की ताटातली भाकरी मोडत म्हणायची, "तुझा गुडघा बरा आहे हो. आणि बसणं आत्ता कुठं बरोबर झालंय."

नमस्कार.