टेकडी सांभाळणारी माणसं

[दृश्य: कापणी झालेली मक्याची सपाट शेतं. दूरवर झाडांच्या माथ्यावरून डोकावणारा लोखंडी मनोरा.]

इलिनॉय हे डोंगरांचं राज्य नाही. शिकागोहून वायव्येला निघालात की बराच वेळ घरं, दुकानं, मक्याची शेतं आणि पुन्हा घरं एवढंच दिसत राहतं. मग फॉक्स नदी लागते. तिच्या काठी फॉक्स रिव्हर ग्रोव्ह नावाचं छोटं गाव आहे, आणि त्या गावात झाडीच्या वर एकाएकी एक उतरता लोखंडी मनोरा उभा राहतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला कळतच नाही की हे काय आहे. स्की जम्पिंगची ही टेकडी. या सपाट मुलखातली मुलं इथून उड्या मारत ऑलिंपिकपर्यंत गेली.

टेकडी नॉर्गे स्की क्लबची आहे. क्लबची स्थापना १९०५ सालची.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. लाकडी मनोरा, लोकरी टोप्या, लांब लाकडी स्की.]

शिकागोत पोटापाण्यासाठी आलेल्या नॉर्वेजियन तरुणांनी हा क्लब काढला. आठवडाभर कष्टाची कामं करायची आणि रविवारी गावाकडचा खेळ खेळायचा. त्यांच्यातला कार्ल हॉवेल्सन गवंडीकाम करायचा. तो इतका सुंदर उडायचा की १९०७ साली बार्नम अँड बेली या प्रसिद्ध सर्कशीनं त्याला आपल्या खेळात घेतलं. पुढे तो कोलोरॅडोत गेला, स्टीमबोट स्प्रिंग्जच्या लोकांना त्यानं हा खेळ शिकवला, आणि तिथली टेकडी आजही त्याच्या नावानं ओळखली जाते.

हॉवेल्सन गेला. नॉर्गे क्लब मात्र राहिला, शंभरावर वर्षं टिकला. तो टिकला कारण बाकीचे कुठे गेले नाहीत. त्यांच्या नावाच्या टेकड्या नाहीत. हा लघुपट त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्यानंतर तीच कामं हाती घेतलेल्या आजच्या स्वयंसेवकांसाठी.

[दृश्य: पहाटेचा अंधार. हिमतोफेतून उडणारा पांढरा फवारा. खांद्यावर फावडी घेतलेली माणसं पायऱ्या चढताहेत.]

मोठी स्पर्धा जानेवारीत होते. प्रेक्षकांना दिसते ती दुपार. कामाला सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते.

इलिनॉयच्या हिवाळ्याचा भरवसा नाही. कधी बर्फ हवा तेव्हा पाऊस पडतो. म्हणून बर्फ करावा लागतो. पाणी आणि दाबाची हवा एकत्र फवारायची, बाहेरची हवा पुरेशी थंड आणि कोरडी असेल तर थेंब खाली येईपर्यंत गोठतात. अशी थंडी पडते ती बहुधा रात्री. तेव्हा पंप सुरू करायला, नळी गोठू नये म्हणून लक्ष ठेवायला आणि तोफेचं तोंड फिरवायला कोणीतरी रात्रभर जागं राहावं लागतं. सकाळी त्याच माणसाला स्वतःच्या कामावरही जायचं असतं.

नुसता बर्फ पडून भागत नाही. तो उतारावर पसरावा लागतो, दाबावा लागतो. माणसं स्की घालून उताराला आडवी उभी राहतात आणि एकेक पाऊल बाजूला टाकत वर सरकतात. पुन्हा खाली येतात, पुन्हा वर. उभ्या उतारावर हे तास न् तास चालतं. बर्फ कुठे भुसभुशीत राहिला तर तिथे उतरणाऱ्याची स्की रुतते, आणि त्या वेगात स्की रुतणं म्हणजे गुडघा जाणं. मग दाताळ्यानं पृष्ठभाग एकसारखा करायचा. वरच्या घसरणीवर स्कीसाठी दोन समांतर खोबणी असतात, त्या सरळ आणि स्वच्छ ठेवायच्या. ढगाळ दिवशी पांढऱ्यावर पांढरं काही दिसत नाही, उडणाऱ्याला जमीन कुठे आहे हे कळत नाही. म्हणून उतारावर पाइनच्या डहाळ्या टोचतात किंवा रंगाच्या रेघा ओढतात.

यातलं एकही काम टीव्हीवर दिसत नाही. आणि यातलं एक जरी राहिलं तर कोणालाही उडी मारू देत नाहीत.

[दृश्य: मनोऱ्याच्या टोकावर आडव्या दांडीवर बसलेला खेळाडू. खाली प्रशिक्षकाच्या हातात झेंडा.]

खेळ थोडक्यात सांगतो. खेळाडू वर दांडीवर बसलेला असतो. वारा ठीक असला की खालून प्रशिक्षक झेंडा खाली आणतो. खेळाडू दांडी सोडतो, खोबणीतून घसरत कडेला येतो आणि तिथे सारी ताकद पायांत आणून झेपावतो. स्कीची टोकं बाहेर पसरून तो हवेवर अक्षरशः पहुडतो. ही इंग्रजी व्ही अक्षरासारखी पद्धत १९८० च्या दशकात स्वीडनच्या यान बोकलॉवनं रूढ केली. आधी परीक्षक त्याचे गुण कापत, मग सगळ्या जगानं तिचं अनुकरण केलं. पाहणाऱ्याला वाटतं, माणूस आकाशात गेला. खरं तर तो उताराला धरून, जमिनीपासून काही मीटरवरच तरंगत असतो.

नॉर्गेची सर्वांत मोठी टेकडी ७० मीटरच्या वर्गातली. ही मनोऱ्याची उंची नव्हे. उतरण्याच्या उतारावर एक ठरलेली रेघ असते, तिला के-पॉइंट म्हणतात, आणि हे अंतर झेप घेण्याच्या कडेपासून तिथपर्यंतचं. त्या रेघेवर उतरलं की अंतराचे ६० गुण. पुढे प्रत्येक मीटरला अधिक, अलीकडे प्रत्येक मीटरला वजा. शिवाय पाच परीक्षक शैलीचे गुण देतात, प्रत्येकी जास्तीत जास्त २०. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा सोडून उरलेल्या तिघांची बेरीज धरतात.

पण माणूस नेमका कुठे उतरला, हे ठरवतं कोण?

[दृश्य: उताराच्या कडेनं रांगेत उभी माणसं. प्रत्येकाची नजर समोरच्या बर्फावर.]

मोठ्या स्पर्धांमध्ये आता कॅमेरे आहेत. क्लबांच्या टेकड्यांवर पिढ्यान् पिढ्या हे काम माणसांनी केलं. उताराच्या कडेनं अंतर मोजणारे रांगेत उभे राहतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोनचार मीटरचा पट्टा. पाय जमिनीला लागले ती जागा अर्ध्या मीटरपर्यंत अचूक सांगायची. एक पाय पुढे, एक मागे ठेवून उतरला तर दोन्ही पायांच्या मधली जागा धरायची. ज्याच्या पट्ट्यात खेळाडू उतरला तो हात वर करतो आणि आकडा सांगतो.

या कामाची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. अंतर मोजणाऱ्याला उडी बघता येत नाही. वर लोक श्वास रोखून आकाशाकडे पाहत असतात, आणि याला नजर बर्फावरच ठेवावी लागते. क्षणभर वर पाहिलं तर पायांचा स्पर्श निसटतो. डोक्यावरून वाऱ्याला चिरत गेल्याचा आवाज तेवढा ऐकू येतो. खेळावर जीव असलेला माणूस, आणि स्पर्धेतली सर्वांत सुंदर उडी त्याच्या डोक्यावरून जाते तेव्हा तो खाली बघत असतो. हे काम लोक वर्षानुवर्षं करतात, तेही कडाक्याच्या थंडीत, जागचं न हलता.

[दृश्य: गुणलेखनाचं टेबल. कागद, पेन्सिली, हातमोज्यांतली बोटं.]

तिथून आकडा टेबलावर जातो. टेबलावरची बेरीज चुकली तर काय होतं, याची एक गोष्ट या खेळात घडलेली आहे.

१९२४ साली फ्रान्समध्ये शामोनीला पहिलं हिवाळी ऑलिंपिक झालं. नॉर्वेत जन्मलेला आणि अमेरिकेत स्थायिक झालेला अँडर्स हॉगन अमेरिकेकडून उतरला. अगदी थोड्या फरकानं त्याचा चौथा क्रमांक आला. कांस्यपदक नॉर्वेच्या थोरलाइफ हॉगला मिळालं. पन्नास वर्षं उलटली. मग थोराल्फ स्ट्रोमस्टाडच्या लक्षात आलं की हॉगच्या गुणांच्या हिशेबात चूक झाली होती. स्ट्रोमस्टाड स्वतः नॉर्वेचा, त्याच ऑलिंपिकमध्ये पदकं मिळवलेला. चूक दाखवून दिल्यानं पदक जाणार होतं ते त्याच्याच देशाच्या माणसाचं. तरी त्यानं ती सांगितली. हॉग हयात नव्हता, तो १९३४ मध्येच गेला होता. १९७४ साली ऑस्लोत त्याच्या मुलीनं ते पदक म्हाताऱ्या हॉगनच्या हाती दिलं.

हॉगनला आपला मान मिळाला तेव्हा तो जिवंत होता, म्हणून आपल्याला ही गोष्ट आवडते. टेबलावर बसणाऱ्या स्वयंसेवकाचं काम किती मोलाचं आहे, हेही हीच गोष्ट सांगते. गोठलेल्या बोटांनी तो प्रत्येक बेरीज पुन्हा तपासतो. त्याची बेरीज बरोबर असते तेव्हा कोणाला तो आठवतही नाही.

[दृश्य: सर्वांत लहान टेकडी. हेल्मेट घातलेली पाचसहा वर्षांची मुलं. एक मूल उतरतं, बसकण मारतं, उठतं.]

मुलं इथे एकदम मनोऱ्यावर चढत नाहीत. सुरुवात होते छोट्या उंचवट्यावरून, जिथे उडी जेमतेम चार पावलांची असते. मग त्याहून मोठी टेकडी, मग त्याहून मोठी. यात वर्षं जातात. आईवडील सुरुवातीला मुलाला सोडायला येतात. मग कोणी त्यांच्या हातात दाताळं देतं. मग चहाकॉफीचं बघा म्हणतं. मुलगा पुढे कॉलेजला जातो, खेळ सोडतो, आईवडील मात्र टेकडीवर येत राहतात. अशा क्लबांचा कणा म्हणजे हीच माणसं: मुलं मोठी होऊन निघून गेली तरी न गेलेली.

शिकागो परिसरातल्या मराठी प्रेक्षकाला हे चित्र ओळखीचं वाटेल. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाची सुरुवात १९८१ मध्ये याच शहरात झाली. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या कोण उचलतं, हे मंडळात वाढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. दूर देशी आलेल्या नॉर्वेजियनांनीही तसंच आपलं मंडळ उभं केलं. नंतर त्यात पोलिश आले, इतर आले, आणि ते साऱ्या गावाचं झालं.

[दृश्य: २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकची क्षणचित्रं.]

२०१८ च्या ऑलिंपिकला अमेरिकेचे चार पुरुष स्की जम्पर गेले. केविन बिकनर, मायकेल ग्लासडर, केसी लार्सन आणि विल रोड्स. यातले पहिले तिघे नॉर्गेचे. हिमशिखरांचं वैभव असलेल्या राज्यांना मागे टाकून, सपाट इलिनॉयमधल्या एका स्वयंसेवी क्लबाचे तिघे. त्याआधी मार्च २०१७ मध्ये नॉर्वेतल्या विकरसुंडच्या महाकाय टेकडीवर बिकनर २४४.५ मीटर उडाला होता. तो अमेरिकेचा नवा राष्ट्रीय विक्रम ठरला.

२०२२ साली बीजिंगला बिकनर आणि लार्सनबरोबर याच टेकडीवरचा पॅट्रिक गॅसिएनिका गेला. जून २०२३ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात तो गेला. वय २४. ज्यांनी त्याला लहानपणापासून उडताना पाहिलं, त्याच्यासाठी उतार तयार केला, त्यांनी हे दुःखही सोसलं आणि पुढच्या मुलांसाठी टेकडी चालू ठेवली.

[दृश्य: गवतात बुडालेला, मोडकळीला आलेला एक जुना लाकडी मनोरा.]

हे सगळं टिकेल अशी खात्री कधीच नव्हती. अमेरिकेत एके काळी गावोगाव अशा टेकड्या होत्या. १९७० साली पश्चिम जर्मनीत ओबरस्टडॉर्फला स्लोव्हेनियाचा विंको बोगाताय भयंकर पडला, आणि एका लोकप्रिय अमेरिकी क्रीडा कार्यक्रमाच्या सुरुवातीला ते पडणं आठवड्यामागून आठवडे दाखवलं गेलं. बोगाताय सुदैवानं फारसा जखमी झाला नव्हता. पुढे तो प्रशिक्षक झाला, आणि त्यानं घडवलेला फ्रांची पेटेक १९९१ मध्ये विश्वविजेता ठरला. पण अमेरिकेतल्या कितीतरी घरांत मुलाच्या आईच्या मनात राहिलं ते फक्त पडणं. १९८० नंतर अमेरिकी महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेतून हा खेळ वगळला गेला. शिष्यवृत्त्या आटल्या, टेकड्या ओस पडल्या.

ज्या उरल्या, त्या क्लबांच्या जिवावर. मिशिगनमधलं इश्पेमिंग घ्या. अमेरिकेची राष्ट्रीय स्की संघटना १९०५ मध्ये तिथेच जन्मली. राष्ट्रीय स्की गौरव दालनही त्याच गावात आहे. त्यात खेळाडूंच्या बरोबरीनं खेळ उभा करणाऱ्यांचाही वेगळा सन्मान होतो. ही दृष्टी मला योग्य वाटते, आणि ती प्रत्येक गावच्या क्लबानं उचलावी असं वाटतं. चाळीस वर्षं दाताळं चालवलेल्या माणसाचा फोटो ऑलिंपिकपटूच्या शेजारी, त्याच आकाराचा लागावा. आणि तो लागेल तेव्हा त्या माणसाला समोर उभं राहून बघता यावा.

[दृश्य: सप्टेंबर. हिरवी झाडी, उतारावर हिरवी प्लॅस्टिकची आवरणं, त्यावर पाण्याचे तुषार.]

बर्फ वितळला म्हणून सुट्टी नाही. पूर्व जर्मनीच्या हान्स रेनरनं १९५४ मध्ये उतारावर प्लॅस्टिक अंथरून बर्फाविना उडी शक्य केली. नॉर्गेतही उन्हाळ्यात मुलं अशाच प्लॅस्टिकवर सराव करतात, आणि शरद ऋतूच्या तोंडावर तिथे स्पर्धाही होते. म्हणजे स्वयंसेवकांना दुसरा हंगाम. गवत कापा, सैल झालेली आवरणं पुन्हा बांधा, पाण्याच्या तोट्या तपासा.

[दृश्य: एकामागून एक चेहरे. कोणी पंपाशी, कोणी टेबलाशी, कोणी पायऱ्यांवर. प्रत्येक जण क्षणभर कॅमेऱ्याकडे पाहतो.]

रात्रभर पंपापाशी उभे राहिलात, तुम्हाला नमस्कार. गुडघे दुखत असताना उतार तुडवलात, तुम्हाला नमस्कार. बर्फावरची नजर न हलवता अंतरं मोजलीत, बेरजा पुन्हा पुन्हा तपासल्यात, गेटवर तिकिटं फाडलीत, रिकाम्या बाटल्या गोळा केल्यात, पहिल्यांदा घाबरलेल्या पोराच्या बुटाचे बंद आवळलेत, तुम्हा सर्वांना आमचा मानाचा नमस्कार.

[दृश्य: काळा पडदा. क्लबाच्या आजी-माजी स्वयंसेवकांची नावं, आडनावाच्या अकारविल्हे क्रमानं. कोणाचंही पद लिहिलेलं नाही.]